दोन जावई, एक एसी

एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाचं डोकं थंड असतं, अशी लोकांची उगीचच एक समजूत असते. थोरल्याच्या बाबतीत ती साफ खोटी होती. लोकांची घरं गार करण्यात त्याची निम्मी हयात गेली, पण त्याच्या स्वतःच्या पोटात बारा महिने चूल पेटलेली. आणि त्या चुलीला जळण पुरवणारा माणूस एकच. तो म्हणजे त्याचा साडू.

दोघे एकाच घरचे जावई, म्हणून सासरी त्यांना थोरले आणि धाकटे म्हणत. तिथवर ठीक होतं. घोळ असा की दोघांचा धंदाही एकच. धाकटा शिंपी असता, मास्तर असता, अगदी बिनकामाचा असता, तरी थोरल्याने त्याला प्रेमाने वागवलं असतं. बिनकामाचा असता तर जरा जास्तच प्रेमाने. पण मेव्हणीला सांगून आलेलं स्थळ नेमकं एसीवाल्याचं निघालं, आणि लग्नात कुणीतरी थोरल्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, बरं झालं, हाताखाली घरचाच माणूस आला. घरचा माणूस हाताखाली कसला येतोय! बघता बघता तो डोक्यावर गेला. धाकट्याची गाडी झाली, गाडीवर मोठ्या अक्षरांत नाव आलं, निळ्या शर्टातली माणसं आली. थोरल्याचं दुकान मात्र बोळात होतं तिथेच राहिलं. तो बोळही असा अरुंद की मोठं मशीन आत न्यायचं तर आधी समोरून येणाऱ्या माणसाला मागे सरकायला सांगावं लागे.

धाकट्याच्या दुकानाचं तोंड बघायचं नाही असं थोरल्याने मनाशी ठरवलं होतं. त्यामुळे तो रोज लांबचा वळसा घालून बरोबर तिथूनच जाई. दारात किती मशिनं उघडून ठेवलीत ते चालता चालता तिरप्या नजरेने बघून घेई. जास्त असली की त्याच्या जेवणाची चव जाई. कमी असली तरी सुख नव्हतं, कारण मग वाटे, पटापट उरकून गिऱ्हाइकाच्या घरी पोचवलेलीसुद्धा दिसतात. एकदा धाकटा तापाने आडवा पडला तेव्हा थोरल्याला क्षणभर बरं वाटलं. पण त्याला बघायला माणसांची रीघ लागली असं कळलं आणि ताप जसा काही यालाच चढला. आपण आजारी पडलो होतो तेव्हा शेजारचासुद्धा फिरकला नव्हता, हे त्याने बायकोला पुनःपुन्हा सांगितलं. बायको म्हणाली, शेजारी गावालाच गेले होते. त्याने ते ऐकलं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे धाकटा स्वभावाने चांगला होता. दादा दादा करायचा, भेटला की वाकून बोलायचा, गिऱ्हाइकाने थोरल्याचं नाव काढलं तर त्यांच्यासारखा हात नाही म्हणायचा. आता ज्याला पाण्यात पाहायचं त्याने निदान थोडं तरी वाईट वागावं की नाही? इतकीही सोय त्याने ठेवली नव्हती.

खरा काटा रुतला तो सासऱ्यांच्या एसीवरून. सासऱ्यांना तो मामा म्हणे. मामांना धाप लागायची आणि उकाडा त्यांना अजिबात सोसत नसे, म्हणून फार पूर्वी थोरल्याने त्यांच्या खोलीत आपल्या हाताने एसी बसवला होता. त्याची देखभाल हा त्याचा मान होता. महिन्यातून एकदा जायचं, जाळी धुवायची, भिंतीला कान लावून मशीन ऐकायचं, आणि मग मामांच्या शेजारी बसून चहा घ्यायचा. मामाही आल्यागेल्याला सांगत, आमच्या थोरल्या जावयांनी बसवलाय. गेल्या वर्षी ऐन उन्हाच्या कडाक्यात तो एसी कायमचा बंद पडला. थोरला नेमका परगावी कामावर होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. मामांचा जीव घुसमटायला लागला तसा धाकट्याने त्याच दुपारी दुकानातला नवा एसी आणून बसवला. कुणीही हेच केलं असतं, आणि हे थोरल्यालाही कळत होतं. म्हणूनच त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक काढायला जागाच नव्हती.

तेव्हापासून त्याने त्या घराची पायरी चढणं सोडलं. कधी काम असे, कधी पाठ दुखे. पुढे मामांना चार दिवस दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हाही याने बायकोला एकटीलाच पाठवलं आणि आपण सीझनचं निमित्त सांगितलं. सीझन नव्हता. दवाखान्यात धाकटा असणार, सगळी धावपळ तोच करत असणार, हे त्याला बघवलं नसतं.

आणि मग एका दुपारी बायको माहेरून आली ती बातमी घेऊनच. मामांचा एसी गार करेनासा झालाय. धाकटे दोन दिवस खटपट करताहेत, सगळं तपासून झालं, पण बिघाड काही सापडत नाही म्हणतात.

थोरला तेव्हा चहा पीत होता. मामा उकाड्यात आहेत हे ऐकून आधी वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आधी जे वाटलं ते इतकं गोड होतं की त्याने तोंड कपात लपवलं. बायको म्हणाली, तुम्ही एकदा बघाल का? वेळ झाला तर बघतो, असं तो म्हणाला आणि अर्धा चहा टाकून हत्यारांची पिशवी भरायला उठला. बायकोही मागोमाग निघाली. वाटेत त्याने मनातल्या मनात इतके मांडे खाल्ले की जिना चढताना खरोखर जड वाटलं.

दार सासूबाईंनी उघडलं. खोलीत मामा खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, मानेवर ओला पंचा, समोर टेबलफॅन. पलंगाच्या कडेला धाकटा अंग चोरून बसला होता. थोरल्याने आधी त्याच्याकडे बघितलं आणि मग मामांची विचारपूस केली. मेव्हणी पाणी घेऊन आली. पाणी पिता पिता त्याने, मोठा डॉक्टर धाकट्या डॉक्टरला विचारतो तशा सुरात, काय काय बघितलं म्हणून विचारलं.

त्याची एक पद्धत होती. तो आधी मशीन लावून नुसता उभा राही, तळहात भिंतीला टेकवून. मग झाकण उघडी. आतल्या जाळीचा एकच कोपरा बर्फाने पांढरा पडला होता, बाकीची कोरडी होती. म्हणजे गॅस कमी झालाय. हे कुणालाही कळलं असतं. धाकटाही मान हलवून म्हणाला, हो दादा, गॅस जातोय, पण कुठून ते कळेना.

"चारही सांधे साबण लावून बघितलेस?"

"चारही," धाकटा म्हणाला.

एसीचे दोन पाइप, एक जाड आणि एक बारीक. दोन्हींचा एकेक सांधा खोलीत, एकेक बाहेर गॅलरीतल्या मशीनपाशी. जिथून गॅस जातो तिथे साबणाचं पाणी लावलं की फेस येतो, एवढं सोपं ते काम. थोरल्याने आधी खोलीतले सांधे बघितले. दोन्हींवरची पट्टी जुनी होती, वर्षाची धूळ धरून बसलेली. ती कुणी उघडलेलीच नव्हती. थोरल्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं बोलला की! आळस केला आणि वर खोटं बोलला!

तो गॅलरीत गेला. तिथे जाड पाइपाच्या सांध्यावर वाळलेल्या साबणाचा पांढरा डाग होता. बारीक पाइपाच्या सांध्यावरही होता. थोरल्याने ब्रशने साबण लावला. जाड पाइपावर काही नाही. बारीक पाइपावर मात्र लावता लावताच फेस असा फसफसून वर आला की आंधळ्याच्याही हाताला लागला असता.

थोरला ब्रश धरून तसाच बसून राहिला. गॅस शोधणारा माणूस एकेक सांधा बघत जातो आणि सापडला की थांबतो. धाकटा इथे येऊन थांबला होता. त्याला सापडलं होतं. सापडलं, तरी त्याने ते तसंच ठेवलं आणि मला बोलावून घेतलं. म्हणजे भीक घातली. बिचाऱ्या दादाला एवढा तरी मान मिळू दे, म्हणून. थोरल्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. गाडी घेतलीस, नाव केलंस, आता मोठं मनही तुझंच का?

पण तो कामाचा माणूस होता, आधी काम केलं. नट सोडवला. आतल्या तांब्याच्या पाइपाचं पसरट तोंड बारीक चिरलेलं निघालं. नट फार आवळला की असं होतं, आणि तो आवळला होता धाकट्यानेच. थोरल्याने तेवढा तुकडा कापला, नवं तोंड केलं, नट हाताला घट्ट लागेल इतकाच आवळला, पाइपातली हवा ओढून घेतली आणि गॅस भरला. थोड्या वेळाने खोलीत गार झुळूक आली. मामांनी मानेवरचा पंचा काढून ठेवला आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. सासूबाई म्हणाल्या, शेवटी थोरलेच उपयोगाला आले. मेव्हणी हसली. धाकटाही म्हणाला, मला नसतंच जमलं.

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर कदाचित निभावलं असतं.

"मामा," थोरला म्हणाला, "याला हे आधीच सापडलं होतं. साबणाचे डाग आहेत बाहेर, दाखवतो हवं तर. माहीत असून याने तुम्हाला दोन दिवस या उकाड्यात ठेवलं."

आता सगळे चमकतील, धाकट्याची मान खाली जाईल, अशी त्याची अपेक्षा होती. कुणीच चमकलं नाही. सासूबाईंनी मुलींकडे बघितलं. त्याच्या बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. धाकटा काहीतरी बोलायला उठला, तर मामांनी हातानेच त्याला बस म्हटलं.

"त्यांनी नाही ठेवलं," मामा म्हणाले. "ते तेव्हाच पाना घेऊन बसले होते. मीच म्हटलं, राहू द्या."

"तुम्ही? धाप लागत असताना?"

"लागली थोडी. हे सगळे मला ओरडत होते." मामा थांबले, श्वास घेतला. "नुसतं भेटायला या म्हटलं असतं, तर आला असतात?"

थोरला हातातला पाना फडक्याने पुसायला लागला.

"मी आजारी पडलो तेव्हा नाही आलात," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "मग म्हटलं, धाकट्यांना जमत नाही असं कळलं, तर याल."

थोरल्याने एसीकडे बघितलं. तो अगदी बरोबर चालला होता, त्याच्याकडे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. आपण कशाने धावत सुटू ते या माणसाला आधीपासून ठाऊक होतं, आणि अर्धा टाकलेला तो चहा बायकोने बघितला होता. मामांनी हा बेत धाकट्याला सांगितला, आपल्याला नाही, हेही जाता जाता त्याला डसलंच. स्वभाव कुठे जातो.

"आता बसा जरा," मामा म्हणाले.

पलंगावर सासूबाई होत्या, मेव्हणी होती, बायको होती. जागा होती ती धाकट्याच्या शेजारी. धाकटा भिंतीकडे सरकला, आणि थोरला हातातला पाना खाली ठेवून तिथे बसला.