कुलूप, कोठार आणि खुर्ची

आमच्या धाकटीला घरात सगळे खटपटी म्हणतात. लहानपणी तिने हौसेने उघडलेली पहिली वस्तू पुस्तक नव्हे, रेडिओ. तो परत मिटता मात्र आला नाही. अशा मुलीने बरी चाललेली नोकरी सोडून वाचनालयाचे जुने कॉम्प्युटर जिवंत करायचं काम अंगावर घेतलं, तेव्हा मला तो रेडिओच आठवला. समितीची अट सरळ होती. शनिवारी वाचकांसमोर चाचणी. जमलं तर पुढचं सगळं काम हिचं. फसलं तर दुकानातून नवी यंत्रं येणार आणि ही घरी.

कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली फुकट मिळते, आणि तीही एक नाही, अनेक, हे मला तिच्यामुळे कळलं. लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी. सगळ्या युनिक्स नावाच्या एका जुन्या प्रणालीच्या वळणावर गेलेल्या. चुलत भावंडांसारख्या, चेहरेपट्टी एक, स्वभाव वेगवेगळे. खटपटीचा जीव ओपनबीएसडीवर. "आई, हे कुलूप आहे कुलूप! चोराला शिरायला फटच नाही." तिने वाचनालयातल्या झाडून सगळ्या यंत्रांवर तेच घातलं आणि घरी येऊन दोन वेळा जेवली.

चाचणीच्या आदल्या दिवशी सर आले. हे निवृत्त शिक्षक. त्यांना दिसतं कमी आणि ऐकू येतं त्याहून कमी. पुस्तक कॉम्प्युटरने वाचून दाखवायचं आणि तो आवाज ब्लूटूथवरून थेट त्यांच्या कानातल्या यंत्रात जायचा, असं सरांनी गृहीत धरलेलं. मी डबा द्यायला गेले होते, म्हणून पाहिलं. सर बसले, कान टवकारले, आणि काहीच नाही.

"मुली, तुझा कॉम्प्युटर तर माझ्यापेक्षा बहिरा निघाला!"

सगळे हसले. खटपटी हसली नाही. जिन्यात येऊन म्हणाली, "आई, ओपनबीएसडीत ब्लूटूथ नाहीच. ते बनवणाऱ्यांनीच मुद्दाम काढून टाकलंय. मला माहीत होतं गं. पण मी स्वतः तारेचाच हेडफोन लावते. दुसऱ्या कुणाला लागेल असं डोक्यातच आलं नाही."

"मग दुसरं काहीतरी घाल."

"लिनक्स? ते तर सगळेच घालतात!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, कुलूप चांगलं आहे म्हणून खुर्चीच्या जागीही कुलूपच ठेवशील का? माणसाने बसायचं कशावर?"

मला वाटलं, आता ही रडते. तर बाईसाहेब डबा माझ्याच हातात कोंबून दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाल्या! डबा तसाच घरी आला.

शनिवारी मी वाचनालयात कपाटाआड उभी. हातात पुस्तक होतं. ते उलटं धरलंय, हे ग्रंथपाल बाईंनी हळूच येऊन सांगितलं.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "तीन-तीन प्रणाली कशाला? एकच काय ती ठेवा."

"साहेब, कामं तीन आहेत," खटपटी म्हणाली. बाहेरचं इंटरनेट जिथून आत येतं त्या यंत्रावर तिने तिचं लाडकं ओपनबीएसडी राहू दिलं होतं. जुन्या मासिकांची छायाचित्रं साठवली होती तिथे फ्रीबीएसडी. "हे कोठार. आता या अंकाची फाइल पुसा बघू." अध्यक्षांनी भीत भीत पुसली. हिने दोन-चार कळा दाबल्या आणि सकाळी जपून ठेवलेल्या स्थितीतून तो अंक जसाच्या तसा परत आणला. अध्यक्षांनी चष्मा पुसला.

"आणि वाचकांच्या टेबलांवर लिनक्स. तिथे माणसं बसणार. कुणाला काय लागेल सांगता येत नाही."

सर बसले. खटपटीने काहीतरी जोडलं. सरांचा चेहरा दगडासारखा. मग त्यांची मान हलली. एकदा, मग पुन्हा. आणि ते हसले, अगदी एकटेच, पुस्तकात काहीतरी गमतीचं आलं असणार!

अध्यक्ष वाकून मोठ्याने म्हणाले, "काय सर, येतंय का ऐकू?"

सरांनी हात वर केला. "थांबा हो. परिच्छेद संपू दे."

अख्खी समिती उभ्या उभ्या परिच्छेद संपायची वाट बघत राहिली! संपल्यावरही सर उठले नाहीत. पुढचा सुरू केला. अध्यक्ष ग्रंथपाल बाईंकडे वळले, "दुकानाला नको म्हणून कळवा." मी पुस्तक सरळ केलं, आणि मग एक अक्षरही वाचता आलं नाही.

घरी येताना ती थकलेली असेल असं मला वाटलं होतं. छे! "आई, तुझा पहिला लॅपटॉप माळ्यावर आहे ना? इतक्या जुन्या यंत्रावर नेटबीएसडी मस्त चालेल बघ."

"माझ्या लॅपटॉपला हात लावायचा नाही," मी बजावलं. "त्यात माझे फोटो आहेत."

"आधी फोटो कोठारात ठेवू."

शिडी मीच धरली. पोरगी पडली असती तर?