मिठात घातलेला पुरावा

तो कबुलीजबाब मी आजवर विसरलेलो नाही, आणि मरेपर्यंत विसरेन असं वाटत नाही. खात्यात माझी बत्तीस वर्षं गेली. माणूस गुन्हा का नाकारतो, कसा नाकारतो, कितव्या चहाला फुटतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण सुटायची वाट दाखवल्यावर त्याच क्षणी गुन्हा कबूल करणारा माणूस मी एकच बघितला. त्याची ही हकिगत. नावं मी कुणाचीच देणार नाही.

तेव्हा मी गगनबावड्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हुद्दा सहायक पोलीस निरीक्षक. चार खोल्यांचं ठाणं, भिंतींना ओल, आणि दमट हवेनं फुगलेली स्टेशन डायरी. गुन्हे म्हणाल तर बांधावरची भांडणं आणि घाटात उलटलेले टेंपो. एका सकाळी हजेरी चालू असतानाच फोन वाजला.

"साहेब, ओढ्याला तीन कोळसुंदे मरून पडल्यात. आप्पानं इख घातलंय. गेल्या म्हैन्यात त्येच्या दोन शेळ्या फाडल्या न्हवं त्येंनी!"

नाव न सांगता त्यानं फोन ठेवला. कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा, इख म्हणजे विष. कायद्यानं संरक्षित प्राणी, तोही एकदम तीन. वन खात्याची लेखी फिर्याद तासाभरात आली. पाठोपाठ वरिष्ठांचा फोन, "आरोपी कोण?" निनावी खबर आली की आधी खबर देणाऱ्याचा त्यात काय फायदा हे बघायचं, हा माझा नियम. त्या दिवशी मी तो बाजूला ठेवला. घाई नडली, दुसरं काय!

आप्पा म्हणजे साठीचा, चाळीसेक शेळ्या राखणारा माणूस. पठारावर झोपडं, घरात तो आणि त्याची म्हातारी. झडतीत गोचिडाच्या विषारी औषधाची अर्धी बाटली सापडली. शेळ्या असलेल्या कुठल्याही घरात ती सापडते, हे मला ठाऊक होतं. तरी ती जप्त करताना मी खूश होतो. अंगझडतीत तंबाखूची पिशवी, चुन्याची डबी आणि तापाच्या गोळ्यांचं एक पाकीट निघालं. चार गोळ्या कमी होत्या. पंचनाम्यात तसं लिहून मी सही ठोकली.

शवविच्छेदनासाठी कोल्हापुरातून वन्यप्राण्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या. वय तिशीच्या आत. मुसलमान घरातल्या, आजोबा कोल्हापुरात घोड्यांना नाल ठोकायचे असं नंतर त्यांनीच सांगितलं. ओढ्याकाठी त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवला, वर मास्क, हातमोजे. बघ्यांची ही गर्दी! आप्पाला मी मुद्दाम तिथं जीपमध्ये बसवून ठेवलं होतं. गुन्ह्याच्या जागी आणलेला माणूस प्रेताकडे बघतो की बघायचं टाळतो, यावर मी बरंच ओळखतो. आप्पाचं मात्र प्रेतांकडे लक्षच नव्हतं. तो त्या पांढऱ्या पोशाखाकडे बघत होता आणि थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता. चोराच्या मनातली भीती, असं मी मनाशी म्हणालो.

काम झाल्यावर बाईंनी हवालदाराच्या हातात दोन गोष्टी दिल्या. एका बरणीत जठर आणि यकृताचे तुकडे, मिठाच्या पाण्यात. दुसरी थर्माकोलची पेटी, तिच्यात बर्फ आणि बर्फात छोट्या बाटल्या. "ही पेटी संध्याकाळी मीच घेऊन जाते," असं सांगून त्या ठसे शोधायला ओढ्यानं खाली गेल्या. वन खात्यानं नियमाप्रमाणे प्रेतं तिथंच जाळली.

ठाण्यात आल्यावर हवालदारानं पेटी उघडली. माझ्याइतकीच नोकरी झालेला, कामाला पक्का माणूस.

"साहेब, मॅडम ह्यात मीठ घालायच्या इसरल्या की!"

खुनाचा संशय असो वा विषबाधेचा, व्हिसेरा, म्हणजे पोटातले अवयव, मिठाच्या पाण्यात ठेवायचा, लाखेचं सील मारायचं आणि रासायनिक विश्लेषकाकडे पाठवायचा. आमचे हात झोपेतसुद्धा हे काम करतील. मी डायरीतून मान वर न करता म्हणालो, "पोरगी नवीन आहे. घाल तू."

त्यानं सगळ्या बाटल्यांत मीठ घातलं, पंचांच्या सह्या घेतल्या, लाख वितळवून सील मारलं. सील इतकं सुंदर होतं की मी त्याला शाबासकी दिली.

दुपारी आप्पाला समोर घेतलं. इख कुठलं? कुणाकडनं आणलंस? कशात कालवलंस? ओढ्यावर कधी टाकलंस? मी गोड बोललो, आवाज चढवला, मग नुसता गप्प बसून राहिलो. बहुतेकांना गप्प बसणारा पोलीस सोसत नाही. आप्पा मात्र गुडघे जवळ घेऊन एकच सांगत राहिला, "न्हाय साहेब. म्या कशाला मारू? त्येंचं प्वाट हाय, माजं प्वाट हाय."

तेवढ्यात बाईंचा फोन आला. म्हणाल्या, खात्रीनं नाही सांगत, पण मला हे विष वाटत नाही. रोग असावा.

मला आप्पाची थोडी दयाही आली होती. चहाचा कप त्याच्यापुढे सरकवून मी म्हणालो, "आप्पा, नशीब काढलंस लेका. डॉक्टरीणबाई म्हणतात, विष नसेल, रोग असेल. आता आजूबाजूची जनावरं तपासणार आहेत."

कप त्याच्या ओठापाशी थांबला. "आजूबाजूची म्हंजी? शेळ्याबी?"

"सगळीच असतील की."

त्यानं कप खाली ठेवला, हात जोडले. "न्हाय साहेब. रोगबीग काय न्हाय. म्याच इख घातलं. लिवून घ्या."

हवालदाराला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही हे खरं, पण वरिष्ठांना सांगायला ती पुरते. दुसऱ्या दिवशी आप्पाला कोर्टापुढे उभं करायचं म्हणून मी कागद तयार करायला घेतले. लिहिताना मात्र एक गोष्ट खटकायला लागली. दार उघडून दिलं आणि हा बाबा आतून कडी लावतोय! का?

पाचच्या सुमारास बाई पेटी न्यायला आल्या. त्यांनी सील बघितलं, झाकण काढलं, एक बाटली उजेडात धरली.

"ह्यात मीठ कुणी घातलं?"

हवालदारानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी घालायला सांगितलं. तुम्ही विसरला होता."

"विसरले नव्हते हो! फुफ्फुस आहे हे, मेंदू आहे! रोग शोधायला ठेवला होता." त्यांनी बाटली माझ्यापुढे धरली. "मिठात विष टिकतं साहेब, रोगाचा जंतू नाही टिकत. आणि प्रेतं तर जाळून झाली. आता सापडलं तर विषच सापडेल, अशी सोय केलीत तुम्ही."

इतक्या वर्षांत कुणी मला असं ऐकवलं नव्हतं. जरा चढ्या आवाजातच मी म्हणालो, "आरोपीनं कबुली दिलीय."

"देऊ दे. तिघांच्याही पोटात अन्नाचा कण नव्हता. आतडी रिकामी, हाडं वर आलेली. कितीतरी दिवस खाल्लं नव्हतं त्यांनी. विषानं मरायला आधी खावं लागतं की नाही?"

मी लेखणी खाली ठेवली. एवढा साधा प्रश्न मला पडला नव्हता.

मग मी विचारत गेलो आणि त्या सांगत गेल्या. मेलेल्या रानकुत्र्यांच्या नाकावर खपल्या होत्या, पंजांची कातडी टणक झाली होती. हा डिस्टेंपर नावाचा कुत्र्यांचा रोग असावा. माणसाच्या गोवराच्या जातकुळीतला. गावातल्या कुत्र्याकडून रानात जातो. आफ्रिकेत सिंह मेलेत त्यानं, रशियात वाघ. त्यांच्या मोबाइलवर देशोदेशीच्या जनावरांच्या डॉक्टरांचा एक गट होता. दुपारीच त्यांनी फोटो टाकले होते आणि कुठल्या कुठल्या देशांतनं उत्तरं आली होती. कुणी हत्ती बघणारा, कुणी सील नावाचा समुद्रातला प्राणी बघणारा. मी एकेक उत्तर त्यांच्याकडून वाचून घेतलं. आमच्या ओढ्यावरच्या तीन कुत्र्यांसाठी जगाच्या पलीकडची माणसं डोकं खाजवत होती, आणि मी इथं एका म्हाताऱ्याला आत टाकून मोकळा झालो होतो.

"मग आता?" मी विचारलं.

"आता ज्या कुत्र्याकडून हा रोग आला तो शोधायचा. तुमच्यासारखंच काम आहे की. पहिला आरोपी शोधायचा."

आजारी कुत्रा! मी जप्तीचे कागद पुढे ओढले. तापाच्या गोळ्या, चार कमी. सकाळी आप्पाच्या अंगाला हात लावला होता, ताप नव्हता. म्हातारी चुलीपाशी ठणठणीत होती.

आप्पाला बाहेर आणून बसवलं. या वेळी मी आवाज चढवला नाही. "आप्पा, गोळ्या कुणाला देत होतास?"

त्याचा चेहरा पडला. तो बाईंकडे बघायला लागला. पोशाख उतरवल्यामुळे त्यानं त्यांना आधी ओळखलं नव्हतं. ओळखल्यावर तो एकदम रडायलाच लागला.

"कुत्र्याला, साहेब. माज्या कुत्र्याला. म्हैना झाला, नाक गळतंय, नीट खाईना, आता जबडा आपोआप हालतोय. फाडल्याल्या शेळीला पयलं ह्येनं तोंड लावलं, मग ती कोळसुंदी परत आली. ती मेल्याली ऐकलं तवाच माज्या ध्यानात आलं."

"मग विष घातलं म्हणून का सांगितलंस?"

"माज्या भनीच्या गावात कोंबड्यास्नी रोग आला म्हनं. अशीच पांडऱ्या कापडातली मानसं आली. समद्या कोंबड्या मारल्या, खड्डा काडून पुरल्या. चांगल्याबी. भन नुसती बघत उभी." त्यानं डोळे पुसले. "म्या जेलात गेलो तर चार वर्सांनी यीन की परत. शेळ्या गेल्या तर म्हातारी खाईल काय?"

बाई खुर्ची सोडून आप्पाच्या समोर खाली बसल्या.

"आप्पा, हा रोग कुत्र्यांचा. शेळीला होत नाही. तुमच्या एकाही शेळीला कुणी हात लावणार नाही."

"एकीलाबी न्हाय?"

"एकीलाही नाही."

"आईशप्पत?"

"आईशप्पत."

तो चटकन उठला. "मग चला की! कुत्रं अजून जित्तं हाय."

उजेड होता तोवरच आम्ही पठारावर पोचलो. शेळ्यांच्या गोठ्यामागं, पोत्यावर, तो काळा कुत्रा पडला होता. पाय झटके देत होते, जबडा काहीतरी चघळल्यासारखा हलत होता. आप्पाची चाहूल लागताच त्यानं शेपूट हलवायचा प्रयत्न केला. बाईंनी डोळ्यांतला, नाकातला स्राव घेतला, एका पट्टीवर टाकला. दहा मिनिटांत पट्टीवर दुसरी रेघ उमटली. तोच रोग. बाकीचा नमुना बर्फात ठेवला आणि ती पेटी ठाण्यापर्यंत हवालदारानं मांडीवर धरून नेली. कुणाला बोट लावू दिलं नाही.

आप्पाला मी त्याच संध्याकाळी, बोलावलं की हजर राहायचं असं सूचनापत्र देऊन, घरी सोडलं. कुत्रा तिसऱ्या दिवशी गेला. पुढे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आला, विष आढळलं नाही. प्रयोगशाळेनं कुत्र्याच्या नमुन्यात डिस्टेंपर पक्का केला. मी कोर्टाला 'क' समरी पाठवली, म्हणजे गुन्हा गैरसमजातून दाखल झाला होता. फिर्याद वन खात्याची होती, गैरसमज माझाही होता. समरीत ते लिहायला रकाना नसतो म्हणून इथं लिहितो.

महिनाभरात बाईंनी पठाराखालच्या गावांतल्या कुत्र्यांना लस टोचायचं शिबिर लावलं. रानातल्या जनावरांना वाचवायचं तर आधी गावातली कुत्री टोचायची, ही गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. आमच्या जीपच्या भोंग्यावरून आम्ही दवंडी दिली. सगळ्यांत आधी कोण आलं असेल? आप्पा, काखेत काळं पिल्लू घेऊन.

रांगेत मी त्याला हळूच म्हणालो, "आप्पा, मला तेव्हाच खरं सांगायचं होतंस. रोग आहे म्हणून."

तो काही रागावला नाही. पिल्लाला कुरवाळत म्हणाला, "तुमी इचारलंसा कुटं? इख कुठलं म्हनून इचारलंसा, कशात कालवलं म्हनून इचारलंसा, कवा टाकलं म्हनून इचारलंसा. मेली कशानं, ह्ये इचारलंच न्हाईसा."

बाईंनी हाक मारली. आप्पानं पिल्लू पुढं केलं, ते वळवळायला लागलं, तेव्हा मी त्याचे पाय धरले आणि बाईंनी सुई टोचली.