मामंजींची कॅसेट

लग्न होऊन मी रत्नागिरीत, मांडवीच्या घरी आले तेव्हा माझे सासू-सासरे एकमेकांशी बोलत नव्हते. भांडत असते तरी बरं झालं असतं. नुसतेच बोलत नव्हते. लग्न ठरवताना ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. मी अलोऱ्याला, वीजप्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेली. तिथल्या भिंती अशा की शेजारच्या क्वार्टरमधलं भांडण आम्हाला शब्दन्‌शब्द ऐकू यायचं आणि मिटलं की तेही कळायचं. न बोलता संसार चालतो हे मी इथे येऊन पाहिलं.

चालायचा मात्र अगदी व्यवस्थित. मामंजी पडवीत, सासूबाई स्वयंपाकघरात आणि मधे मी. नवरा मुंबईत नोकरीला, तिथे जागा मिळेपर्यंत मी इथे राहायचं असं ठरलं होतं, त्यामुळे निरोप पोचवायचं त्याचं काम आता माझ्याकडे आलं होतं, घरात दुसरं कोणी नव्हतं. "तिला सांग, सुरमई चांगली आलीय." मी आत जाऊन सांगायची. "त्यांना सांग, आज सोमवार." मी बाहेर येऊन सांगायची. दोघांचेही कान चांगले तिखट. एकमेकांचं बोलणं त्यांना स्वच्छ ऐकू यायचं, पण मी जाऊन सांगितल्याशिवाय उत्तर म्हणून यायचं नाही. एकदा मला सणकून ताप भरला. दोघंही माझ्या उशाशी येऊन बसली आणि मला डॉक्टरकडे न्यावं की नाही, हे त्यांनी माझ्याचकरवी ठरवलं.

अबोल्याचं कारण मला हळूहळू कळलं. मामंजी बोटीवर नोकरीला होते. वर्षातले दहा-दहा महिने समुद्रावर. सासूबाई इथे एकट्या, पदरात लहान मूल. त्यांच्याकडे एक चावीचा फोनो होता आणि रेकॉर्डी होत्या, बहुतेक सगळ्या एकाच जोडीच्या. मुंबईची ही गाणारी जोडी, एक बाई आणि एक पुरुष. तेव्हा त्यांचं नाव घरोघरी होतं. कोळ्यांची, बाजाराची, नवरा-बायकोच्या कुरबुरीची गाणी. तो विचारायचा, ती उत्तर द्यायची. सासूबाईंनी वर्षानुवर्षं ती गाणी ऐकत भात शिजवला, पोराला निजवलं, बोटीच्या परतीची वाट पाहिली. एकदा ती जोडी रत्नागिरीला आली होती म्हणे. पण नवरा बोटीवर, पोर कडेवर, एकट्या बाईने कार्यक्रमाला जायचं कसं? राहून गेलं.

पुढे मामंजी कायमचे घरी आले. येताना रेडिओ-कॅसेटचा मोठा चकचकीत टू-इन-वन घेऊन आले. घरात आता हा आहे म्हटल्यावर त्यांनी तो फोनो आणि सगळ्या रेकॉर्डी राजापूरला आपल्या बहिणीला देऊन टाकल्या. विचारलं नाही, सांगितलं नाही. सासूबाई दुपारी बाजारातून आल्या तर कोनाडा रिकामा. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याशी बोलणं सोडलं. मला हे सांगताना त्यांनी एवढंच म्हटलं, "अडगळ म्हणाले. माझ्या रेकॉर्डींना अडगळ म्हणाले."

मामंजी वाईट नव्हते हो. चूक त्यांच्या लक्षात आली होती, पण ती तोंडाने कबूल करायची म्हणजे काय करायचं हे बोटीवर कोणी शिकवत नाही. मग ते कामानिमित्त मुंबईला गेले तेव्हा बायकोसाठी त्या जोडीच्या गाण्यांची कॅसेट घेऊन आले. वरच्या कागदावर होडी आणि नवरा-बायकोचं चित्र. रोज दिवेलागणीला ते टू-इन-वन पडवीत, तोंड स्वयंपाकघराकडे करून ठेवायचे आणि मोठ्याने लावायचे. मला म्हणायचे, "तिला सांग, तिची गाणी लावलीयत." पहिलं गाणं सुरू झालं की सासूबाई कळशी उचलून विहिरीवर जायच्या. पाणी भरलेलं असलं तरी जायच्या. जाता जाता म्हणायच्या, "त्यांना सांग, ऐकली."

मामंजींना ते फार लागायचं. माझ्याकडे बघून म्हणायचे, "किती हट्ट असावा माणसाला!" आणि पुन्हा सुरुवातीपासून लावायचे. बायकोला आवडावीत म्हणून लावलेली गाणी ऐकून ऐकून त्यांची स्वतःची पाठ झाली. दाढी करताना ते गुणगुणायचे. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, मला सगळी सारखीच. पण मामंजींचा मला राग यायचा आणि सासूबाईंचाही. इतकी गोड गाणी घरात वाजतायत आणि ही बाई रिकाम्या कळशीने विहिरीवर उभी. आता माणसाने करायचं तरी काय, असं मला वाटायचं.

तेवढ्यात नवऱ्याचं पत्र आलं की डोंबिवलीला एक खोली मिळाली आहे, जूनमध्ये ये. मला आनंद झाला आणि पाठोपाठ घोरही लागला. मी गेल्यावर ह्या घरात दोनच माणसं उरणार होती. सुरमई चांगली आलीय हे कोण कोणाला सांगणार? रात्री-अपरात्री कोणाला काही झालं तर हाक कोण मारणार? मी सासूबाईंना सरळ विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बघू. तोंड बंद असलं म्हणून डोळे बंद नसतात." मामंजींना विचारलं तर ते म्हणाले, "तिला सांग, माझी काय ना नाय." हेही मलाच सांगावं लागलं.

एप्रिलमध्ये गावातून रिक्षा फिरायला लागली. वर भोंगा, मागे फळा. तीच जोडी येणार होती. सगळी गाजलेली गाणी, मूळ गायक, मूळ आवाजात! शाळेच्या मैदानावर, संध्याकाळी लवकर, म्हणजे लांबून येणाऱ्यांना परतीची एस.टी. सापडेल. मामंजी जेवता जेवता उठले आणि हात न धुताच रिक्षामागे गेले. परत आले ते तिकिटं घेऊन. "तिला सांग," ते म्हणाले, आणि पुढे काय सांगायचं ते विसरले. मी आत गेले. सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "येते म्हणावं."

त्या दिवशी त्यांनी सुरंगीच्या फुलांचा गजरा, वळेसर, माळला. मी घरात आल्यापासून पहिल्यांदा. आम्ही निघालो ते नेहमीच्या क्रमाने: पुढे मामंजी, मधे मी, मागे सासूबाई. मैदानात मधोमध दोरी बांधली होती, एका बाजूला बायका आणि एका बाजूला पुरुष. त्या व्यवस्थेवर एरवी मी नाक मुरडलं असतं, पण आमच्या घराला ती अगदी सोयीची होती. मामंजी दोरीला लागून बसले, आम्ही अलीकडे जरा मागे.

पडदा बाजूला झाला. रेकॉर्डींच्या काळातल्या त्या जोडीवर आता वीस वर्षं चढली होती. तो टक्कल पडलेला, गळ्यात ढोलकी. ती अंगाने भरलेली, हिरवं लुगडं, डोळ्यांवर चष्मा. टाळ्या पडल्या आणि पहिलं गाणं सुरू झालं. बाईचा आवाज चांगला जाड, खर्जातला, वाक्याच्या शेवटी किंचित फाटणारा. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे बांगडी रुतेल असं धरलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, झालं, आज काहीतरी होणार.

झालं ते भलतंच.

दुसरं गाणं त्यांचं सगळ्यांत गाजलेलं. नवरा उशिरा घरी येतो, बायको दार उघडत नाही, तो बाहेरून विनवतो, ती आतून सुनावते. पहिलं कडवं संपतंय न संपतंय तोच दोरीपलीकडे मामंजी उठून उभे राहिले आणि हात वर करून ओरडले, "थांबा! बंद करा! ही ती नव्हेत!"

ढोलकी थांबली. मी डोक्याला हात लावला.

"मूळ आवाजात म्हणून सांगितलंत ना?" मामंजी आयोजकांच्या दिशेने ओरडत होते. "ही बाई ती नव्हे! तिचा आवाज कसा बारीक, गोड आहे. मी रोज ऐकतो, मला शिकवू नका. डुप्लिकेट आणून उभी केलीत? रत्नागिरीकरांना काय येडे समजलात?"

पुरुषांत चुळबुळ सुरू झाली. दोघे-तिघे त्यांना खाली बसवायला धावले, आणखी दोघे-तिघे त्यांच्या बाजूने उभे राहिले. आपल्याकडे फसवलं गेल्याची शंका लगेच पसरते. स्टेजवरची बाई चष्मा सारखा करून अंधारात बघायला लागली. माझं मनगट सुटलं. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या.

"अहो!"

ह्या एका शब्दाने मैदानातले निम्मे पुरुष दचकून बायकांकडे वळले. मामंजी वळले नाहीत. ती हाक आपल्याला असेल असं त्यांना वाटणं शक्यच नव्हतं. सासूबाईंनी पुन्हा, दोन्ही हात तोंडाशी धरून, सगळं मैदान ऐकेल अशी हाक मारली.

"अहो! तुम्हाला! बसा आधी खाली! हीच ती! डुप्लिकेट तुमची कॅसेट!"

मामंजींनी मागे पाहिलं. त्यांचा वर केलेला हात तसाच राहिला.

"पहिल्या दिवसापासून डुप्लिकेट! भलत्याच पोरीने गायलंय ते. ह्यांची गाणी दुसऱ्याच कोणी म्हटलीयत, आणि तुम्ही रोज माझ्या डोक्यावर वाजवताय!"

मैदान जे हसायला लागलं ते थांबेना. त्या काळी असल्या कॅसेटी फुटपाथवर ढिगाने मिळायच्या हे मला पुढे मुंबईत कळलं. गाणी गाजलेली, आवाज भलत्यांचेच, आणि वरच्या चित्रावरून काही पत्ता लागायचा नाही. ज्याने मूळ ऐकलंय त्यालाच फरक कळायचा. मामंजींनी मूळ कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. मूळ वाजत होतं तेव्हा ते समुद्रावर होते, आणि घरी आले तेव्हा त्यांनी ते राजापूरला देऊन टाकलं.

स्टेजवरची बाई माइकशी आली. "काका," ती म्हणाली, "आवाज जरा म्हातारा झालाय. पण माझाच आहे हो." आणि मग बायकांकडे वळून, "वहिनींनी ओळखला, मला तेवढं पुरे."

मामंजी खाली बसले. दाराचं गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. शेवटच्या कडव्याआधी रेकॉर्डीत ती बाई मधेच हसते, असं सासूबाई मला मागे कधीतरी म्हणाल्या होत्या. स्टेजवर ती ह्या वेळी हसली नाही, पुढे गात राहिली. पण त्या नेमक्या जागी माझ्या शेजारी सासूबाई हसल्या, ठेका न चुकवता. मामंजी दोरीपलीकडून स्टेजकडे न बघता आमच्याकडे बघत बसले होते. पुढची सगळी गाणी त्यांनी तशीच, मान वळवून ऐकली.

परत निघालो तेव्हा पुन्हा तोच क्रम. पुढे मामंजी, मधे मी, मागे सासूबाई. रस्त्यातले लोक ओळख दाखवून हसत होते, आणि मला भीती वाटत होती की घरी पोचेपर्यंत हे सगळं विरून जाईल. रागाच्या भरात एकदा तोंड उघडलं म्हणजे अबोला संपला असं थोडंच असतं? उद्या सकाळी पुन्हा "तिला सांग" सुरू झालं तर जूनमध्ये मी ह्या दोघांना सोडून कशी जाणार होते?

बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर मामंजी थांबले. मी थांबले. मामंजी माझ्या बाजूने वाकून मागे बघत म्हणाले, "तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

मी सवयीने मागे वळले, निरोप सांगायला. सासूबाईंनी मला हातानेच बाजूला केलं.

"होय," त्या म्हणाल्या.

"मग सांगितलं का नायस? इतकी वर्षं मी ती लावतोय. तुला बरं वाटावं म्हणून लावतोय."

"कसं सांगणार? बोलत नव्हते मी."

"हिच्याकडून सांगायचंस. मीठ संपलं तरी हिच्याकडून सांगायचीस."

सासूबाईंनी केसांतला वळेसर चाचपला.

"तुम्ही माझ्यासाठी म्हणून आणलीत आणि खोटी निघाली," त्या म्हणाल्या. "ते सुनेच्या तोंडून तुम्हाला ऐकवायचं होतं काय मी?"

 मामंजींनी चपलेत गेलेला खडा काढला, चप्पल पुन्हा घातली आणि तिथेच उभे राहिले, सासूबाई जवळ येईपर्यंत. मी पुढे चालायला लागले. मागून दोघांचं काहीतरी चाललं होतं, राजापूरची पहिली गाडी किती वाजताची, असं काहीसं. घर येईपर्यंत मला कोणी काही सांगायला सांगितलं नाही.