पहिलं शील

आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या बुद्धविहारात रविवारी वंदना होते. सगळे हात जोडून पंचशील म्हणतात. तांबेकाका मात्र पहिल्या शीलाला, प्राणिहिंसेपासून दूर राहण्याच्या शपथेला, ओठ मिटून घेत आणि दुसऱ्यापासून खणखणीत सुरू करत. लहानपणी मला वाटे, काकांना मटण फार आवडतं म्हणून असेल.

फौजेतून निवृत्त होऊन ते मोरिवलीच्या एका कारखान्यात गेटवर वॉचमन होते. माझे बाबा तिथेच कामाला. मी बाबांचा डबा घेऊन गेले की काका माझी पिशवी तपासत. मी हसले तर म्हणत, "ओळखीचा म्हणून सोडला, तर ड्युटी कसली गो? उघड." कामगार चेष्टा करत, "काय काका, लढाईत किती उडवले?" काकांचं उत्तर ठरलेलं, "तुझं कार्ड दाखव आधी."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. उल्हासनगरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना वक्तृत्व स्पर्धेत विषय आला, 'युद्धात सारे क्षम्य असते'. मी बाजूने लिहिलं आणि शाबासकीच्या आशेने काकांना वाचून दाखवलं.

"हे तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सगळेच म्हणतात, काका. सैनिकाला पर्याय नसतो."

"मला होता."

मग ते सांगू लागले. लढाई चालू होती आणि आदल्या दिवशी त्यांच्या तुकडीतला जोडीदार मारला गेला होता. समोरच्या खंदकातून शत्रूचा एक शिपाई दोन्ही हात वर करून बाहेर आला. हातात काही नव्हतं. काकांनी त्याला गोळी घातली.

"समोरून गोळी येते तेव्हा मारलं, त्याचं मी काही म्हणत नाही. पण ह्याचे हात वर होते गो. मी बघितले होते. साहेब म्हणाले, जाऊ दे तांबे, लढाई आहे. त्यांनी सोडलं. मी कसं सोडू?"

"तुम्ही रागात होता, काका."

"राग माझा. त्याचा काय दोष?"

मी स्पर्धेतून नाव मागे घेतलं. दुसऱ्या बाजूने बोलायचंही धाडस झालं नाही.

दोन वर्षांनी काका गेले. विहारातल्या शोकसभेत मला बोलायला सांगितलं. विहाराच्या मंडळाचे अध्यक्ष हळूच म्हणाले, "शूर होते, देशासाठी लढले, एवढं बोल. पाच मिनिटं." मी तेवढं बोलले आणि अडखळले. 'कुणाला सांगू नकोस' असं काका म्हणाले नव्हते. 'सांग' असंही नाही. पण ज्या माणसाने स्वतःला सूट दिली नाही, त्याला ती मी परस्पर कशी द्यायची? मी सगळं सांगून टाकलं. कुणीतरी मागून "बस खाली" म्हणालं.

बाहेर चपला घालताना तांबेकाकूंनी माझा दंड धरला.

"तुला सांगितलं त्यांनी हे?"

"हो, काकू. चुकलं का माझं?"

त्यांनी दंड सोडला. मग पायरीवर बसल्या.

"जेवता जेवता ताट सरकवायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. काय झालं विचारलं तर उठून जायचे. मी समजत होते, मी त्यांना आवडत नाही. पस्तीस वर्षं गो."