एका हरकतीचा अर्ज

माझ्या सासऱ्यांइतका इंग्रजी शब्दांच्या थेट जन्मापर्यंत जाऊन भिडणारा माणूस साऱ्या नाशिक जिल्ह्यात झाला नाही, आणि खुद्द इंग्लंडात झाला असेल तर त्याने समोर यावं! सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून ते रिटायर झाले आणि दुसऱ्याच दिवशी रद्दीवाल्याकडून पाठ मोडलेला एक जाडजूड इंग्रजी कोश सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी घेऊन आले. त्या कोशात प्रत्येक शब्दाचे जुने, विसरलेले अर्थ शतकवार दिलेले होते. त्या दिवसापासून नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीचं स्वास्थ्य गेलं ते गेलंच.

‘काइंड’ म्हणजे दयाळू, असं तुम्हाआम्हाला शाळेत शिकवलं. सासऱ्यांनी ते साफ निकालात काढलं. “दयाळू हा फार उशिराचा अर्थ! मूळचा अर्थ नैसर्गिक. जन्माने आलेला, रक्तातला, स्वभावाला धरून असलेला. अहो, आईनं लेकराला पोटाशी धरणं हे काइंड. त्यात दया कसली?” हे सांगताना त्यांचा आवाज असा चढे की समोरच्या इमारतीतले लोक भांडण बघायला गॅलरीत येत. कॉलनीतले सगळे अर्ज तपासायला त्यांच्याकडेच जात, कारण त्यांच्यासारखं अक्षर कोणाचं नव्हतं. पण रजेच्या अर्जात ‘काइंडली’ दिसलं की त्यांची लाल पेन्सिल फिरलीच! “रजा मागणं हा तुमचा स्वभाव असेल, रजा देणं हा साहेबाचा स्वभाव नाही. मग काइंडली कसं लिहिता?” विनंतीचा तो एक शब्द गळाल्यावर अर्ज हुकूम सोडल्यासारखा वाचला जाई, आणि साहेब तो तितक्याच तडफेने नामंजूर करी.

एकदा त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना भर सभेत “आपण अगदी नॅचरल गृहस्थ आहात” असं म्हटलं. सेक्रेटरी दोन महिने फुलून फिरत होते. जुन्या इंग्रजीत ‘नॅचरल’ म्हणजे जन्मजात खुळा, हे त्यांना कळलं तेव्हा पाण्याच्या टाकीखाली जे रण माजलं ते काय वर्णावं! पंचवटीच्या बाजारात तर ते द्राक्षांचीही उलटतपासणी घेत. हा गोडवा वेलीवरचा की पेटीतला, असं त्यांनी तिसऱ्यांदा विचारल्यावर द्राक्षं विकणारी बाई वैतागून म्हणाली, “बाबा, घ्यायची तर घ्या, नायतर ऱ्हाऊ द्या. द्राक्षं हायेत, सोयरीक नाय जुळवायची!”

सोयरीक जुळायची होती ती माझी. मी तेव्हा पंचविशीतला कारकून. माझी रजा तीनदा नामंजूर झाली, तरी मी चौथ्यांदा अर्ज घेऊन त्यांच्याकडे गेलो, कारण त्यांची मुलगी चहा घेऊन बाहेर यायची. आम्ही बौद्ध, ते पंचवटीतल्या पुजाऱ्यांच्या घराण्यातले. आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी आम्ही दोघांनी धीर करून रजिस्टर लग्नाची नोटीस दिली. ती तीस दिवस कचेरीतल्या फळ्यावर लागते, आणि ज्याला हरकत घ्यायची त्याने त्या मुदतीत घ्यायची. जातीच्या कारणावरून घेतलेल्या हरकतीला कायद्यात काडीची किंमत नाही, हे मला पुढे कळलं. त्या वेळी मात्र एका हरकतीनं लग्न मोडेल, असंच मी धरून चाललो होतो.

तिचे थोरले काका तडक पंचवटीहून आले. “तूच लिही अर्ज,” ते सासऱ्यांना म्हणाले. “कचेरीत इंग्रजी अर्जालाच वजन असतं, आणि आपल्यात तुझ्यासारखं इंग्रजी कोणाचं आहे? हा संबंध अनैसर्गिक आहे, असं ठणकावून लिही.”

“अनैसर्गिक!” सासरे खुर्चीतून उठलेच. “म्हणजे अननॅचरल की अनकाइंड? दोन्हींचा इतिहास बघायला हवा. चुकीच्या शब्दावर मी सही करणार नाही.”

आणि कोश उघडला! एकेका अर्थाची एकेक चिठ्ठी. टेबल भरलं, मग दिवाण भरला, मग चिठ्ठ्या धान्याच्या डब्यांवर चढल्या. आठव्या दिवशी काका आले, तेव्हा सासरे चौदाव्या शतकात होते. सतराव्या दिवशी सोळाव्यात. काका ओरडले, पाय आपटले, पण त्यांना स्वतःला इंग्रजीची एक ओळ लिहिता येत नव्हती, आणि घरची अब्रू बाहेरच्या वकिलापुढे मांडायची नव्हती. मी इकडे रोज फळा बघून यायचो आणि अन्न गोड लागत नव्हतं. माझी आई मात्र खुशीत होती. “त्या म्हाताऱ्याचं पुस्तक लय जाड हाय म्हन,” ती म्हणाली. “वाचू दे त्याला निवांत.”

तिसाव्या दिवशी काका सकाळीच येऊन बसले. सासरे म्हणाले, “एकोणिसावं शतक राहिलंय. अर्धवट अर्ज माझ्या हातून जायचा नाही.” संध्याकाळी कचेरी बंद झाली. काका उठले, चपला घातल्या आणि गेले. ते त्या घरी पुन्हा कधीच आले नाहीत. सख्खा भाऊ तुटला. पुढे काका वारले, तेव्हा सासऱ्यांना निरोपही तिसऱ्या दिवशी मिळाला.

त्या आठवड्यात मी त्यांच्याजवळ बसून होतो. न राहवून विचारलं, “सर, तेव्हा खरंच शब्द सापडत नव्हता?”

 ते म्हणाले, “पहिल्याच दिवशी सापडला होता हो. पण त्याच संध्याकाळी कोऱ्या चिठ्ठ्या संपल्या, तेव्हा पोरगी आपणहून कात्री घेऊन समोर बसली. आपल्याच लग्नावरच्या हरकतीसाठी ती मला रोज कागद कापून देत होती. एक शब्द बोलली नाही. रोज मोजून पन्नास चिठ्ठ्या. तिच्यादेखत मी काय लिहिणार होतो?”

एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. भाऊ गेल्याचं रडू त्यांना तेव्हा आलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणालो, “बाबा, पाणी आणू का?”