सतराव्या तारखेची तुंबडी

चासिब खजुरीवर चढायचा तेव्हा खाली उभ्या माणसाला आवाज ऐकू यायचा नाही. इतरांचा येतो. पट्टा खोडावर आपटतो, पायाखालचं तुटकं देठ करकरतं, श्वास लागतो. चासिबचा पाय जिथे पडायचा तिथेच ठरायचा. बसऱ्याजवळ अबू अल-खसीब गावच्या कालव्यांवर मी चाळीस वर्षं हेच काम केलं. माझ्यापेक्षा चांगलं करणारा एकच पाहिला, तो हा. नराचा मोहोर मादीच्या झाडावर बांधायच्या दिवसांत मी दिवसाला बारा झाडं करायचो, तो सोळा. त्याच्या सोळांतलं एकही पुन्हा बघावं लागायचं नाही.

माझे गुडघे गेले आणि मी थांबलो. तो एकसष्टाव्या वर्षीही चढत होता. स्वतःच्या चाळीस माद्या, म्हणजे फळ देणाऱ्या खजुरी, होत्या, त्यांना परका हात त्याला चालत नसे.

मग सहाव्या झाडानंतर त्याची उजवी पोटरी धरायला लागली. बसला की सुटायची, चालला की पुन्हा धरायची. तो म्हणायचा, वात आहे. बसऱ्याच्या इस्पितळात तपासल्यावर कळलं की मांडीतली मोठी नस जवळजवळ बंद आहे. चाळीस वर्षांची सिगारेट, वर साखरेचा आजार. खजूर उतरल्यावर ऑक्टोबरात डॉक्टरांनी नस फुग्याने रुंद केली आणि आत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवला. तिसऱ्या आठवड्यात चासिब बांधावरून न थांबता माझ्या दारापर्यंत चालत आला आणि म्हणाला, "चहा नको. परत चालत जाऊन बघायचंय."

फेब्रुवारीत रक्ताची दुसरी तपासणी झाली. त्याचा मुलगा मुहन्नद तेलविहिरींवर कामाला, म्हणून इस्पितळात मी बरोबर गेलो. डॉक्टर शैमा वयाने आमच्या मुलींएवढी.

"काका, हा आकडा रक्तातली सूज दाखवतो," ती म्हणाली. "ऑक्टोबरात तीन होता, आता अकरा. पांढऱ्या पेशींचं प्रमाणही बिघडलंय."

"सूज कुठे? पाय तर काठीसारखा झालाय."

"आतली सूज. ज्यांच्या रक्तात ती जास्त असते, त्यांचा स्टेंट आतून भरत जाऊन नस पुन्हा अरुंद व्हायची भीती जास्त. होईलच असं नाही. दात दुखत असला, खोकला असला तरी आकडा चढतो. म्हणून रविवारी पायाची सोनोग्राफी करू, नस आतून कशी आहे ते बघू. रक्त पातळ ठेवायच्या दोन्ही गोळ्या रोज घ्यायच्या, एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. आणि सिगारेट बंद."

"ती कधीच सोडली, पोरी."

"मग खिशात काय आहे?"

"ती अबू शाकिरची."

अबू शाकिर म्हणजे मी. मी जन्मात सिगारेट ओढलेली नाही.

परतताना चासिब कागद उलटसुलट करून बघत होता. "म्हणजे रक्त खराब झालंय," तो म्हणाला.

"खराब आहे तर काढून टाक," मी म्हणालो.

हे वाक्य माझं होतं. दुसऱ्या कोणाच्या नावावर ते घालता येणार नाही.

आम्ही चढणारे लोक मोहोर फुटण्याआधी तुंबडी लावून घेतो. चांद्रमासाच्या सतराव्या तारखेला, कारण त्या दिवशी खराब रक्त वर आलेलं असतं असं आमचे बाप सांगायचे. पाठीवर बारीक चिरा द्यायच्या, वर पेला बसवायचा, काळं रक्त ओढून घ्यायचं. आम्ही दोघं तुंबडी लावणाऱ्या हज्जी शनानकडे गेलो. तीस वर्षं आमच्या पाठी त्याच्याच हाताखालच्या.

"गोळ्या कसल्या घेतोस?" हज्जीने विचारलं.

"रक्त पातळ करायच्या."

"मग मी पातं लावणार नाही. रक्त थांबलं नाही तर माझ्या नावाने बोंबलाल. आठ दिवस गोळ्या बंद ठेव, मग ये."

सतरावी नऊ दिवसांवर होती. रविवार मध्येच येत होता. "आत्ता सोनोग्राफीला कशाला जाऊ?" चासिब म्हणाला. "रक्त साफ करून जाऊ. पोरीला काही चांगलं दाखवता तरी येईल." मला ते पटलं.

त्याच्या बायकोला पटलं नाही. उम्म मुहन्नद, म्हणजे मुहन्नदची आई, मासे साफ करता करता म्हणाली, "डॉक्टरीण म्हणते एक दिवस चुकवू नका, आणि तुम्ही आठ चुकवणार?"

"तिला आधी खजुरीवर चढून दाखवू दे, मग मला शिकवू दे."

"मी चढून दाखवते. माझे दोन्ही पाय धड आहेत."

"अबू शाकिर, हिला पट्टा दे रे," तो म्हणाला, आणि आम्ही हसलो. ती हसली नाही.

सतरावीला हज्जीने सहा पेले लावले. रक्त काळं आणि घट्ट आलं. "बघ," तो पेला वाकडा करून म्हणाला, "डांबर साचलं होतं." चासिबला हलकं वाटलं. चौथ्या दिवशी त्याने बाजारातल्या प्रयोगशाळेत रक्त दिलं. आकडा सहा आला. अकराचे सहा. तो कागद त्याने घडी करून पाकिटात ठेवला आणि भेटेल त्याला दाखवला. पाठीच्या चिरा भरायच्या म्हणून गोळ्या आणखी थोडे दिवस बंद राहिल्या. मग मोहोर फुटला आणि गोळ्यांचं नाव कोणी काढलं नाही. सोनोग्राफीचंही नाही.

मार्चमध्ये त्याची सव्वीस झाडं बांधून झाली. सत्ताविसाव्या झाडाखाली मी नराच्या मोहोराची टोपली धरून उभा होतो, आणि मला वरून आवाज आला. देठ करकरलं. चाळीस वर्षांत चासिबच्या पायाखालून तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. वर असलेल्या माणसाला खालून हाक मारायची नाही, हा आमच्या कामातला नियम.

तो उतरला. "पाय झोपलाय," म्हणाला. पाऊल पिठासारखं पांढरं दिसत होतं. मी हात लावला तर गार.

"तेल चोळ गरम करून," मी म्हणालो.

"आधी ही टोपली संपवू. वाळली की फुकट."

त्याने आणखी दोन झाडं केली. एका पायावर भार देऊन, दातओठ खात, पण गाठी नेहमीसारख्या पक्क्या. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं. इतके तास वाया गेले आणि मी खाली उभा राहून कौतुक करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात नेलं तेव्हा पावलाची बोटं निळी पडली होती. स्टेंट आत अरुंद झालाच होता, आणि उरलेल्या वाटेत गुठळी बसली होती. दोन दिवस त्यांनी ती काढायचा प्रयत्न केला.

"गोळ्या कधीपासून बंद आहेत?" डॉक्टर शैमाने विचारलं. चासिबने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, सहा आठवडे होत आले. चासिबने पाकिटातून घडी काढली.

"पण आकडा उतरला होता, पोरी. हा बघ. सहा."

तिने कागद हातात घेतला नाही. "मी आकडा उतरवायला सांगितलं नव्हतं, काका. नस बघायला बोलावलं होतं."

पाय गुडघ्याच्या वर कापला.

राहिलेली अकरा झाडं मी करायला घेतली. तिसरं बांधून उतरताना माझा गुडघा अडला, मुहन्नदने शिडी लावून उतरवलं. आठ तशीच, न बांधता राहिली. शरदात त्यांना घड आले, पण बिनबियांचे, हिरवट, बोटाच्या पेराएवढे.

त्याच सुमारास हज्जी शनान भेटायला आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "चूक झाली ती एवढीच. ती सतरावी गुरुवारी पडली होती. मंगळवारी पडलेल्या सतरावीची गोष्ट वेगळी असते. थांबायला हवं होतं."

चासिबने आठ झाडांच्या फळाची ताटली त्याच्यापुढे सरकवली. "खा हज्जी. आमच्या बागेतलं आहे."

हज्जीने एक तोंडात घातलं आणि फडक्यात काढून ठेवलं.

"नाही, गिळ," चासिब म्हणाला. "पाहुणा आहेस."

मागच्या महिन्यात त्याची डावी पोटरी धरायला लागली. कुबड्यांवर दहा पावलं टाकली की थांबतो. रक्त तपासलं, आकडा चौदा. कागद त्याने माझ्या मांडीवर टाकला. "सांग अबू शाकिर, सतरावी कधी आहे? तुला माहीत असतं."

मला सतरावी कधी आहे ते माहीत होतं. सोनोग्राफी रविवारी आहे एवढंच मी सांगितलं.

आता मी रोज सकाळी बांधावरून त्याच्या घरी जातो. उम्म मुहन्नद दार उघडते आणि माझ्याशी बोलत नाही. मी दोन गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवतो, पाणी देतो, आणि त्याने तोंड उघडून दाखवेपर्यंत उभा राहतो. तो दाखवतो. दोन मिनिटांचं काम आहे. मागच्या वर्षीही दोनच मिनिटांचं होतं.