सेठच्या साड्या आणि आमचे चार रंग

डीटीपीच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते रद्दीसारखे आपोआप साचतात. फरक इतकाच, की रद्दीला गिऱ्हाईक असतं!

यवतमाळच्या सलीमभाईंच्या डीटीपी सेंटरवर मी ऑपरेटर. कापूस बुडायचा ती वर्षं. बियाण्यांची पत्रकं आटली, लग्नपत्रिका पोस्टकार्डाएवढ्या झाल्या. मोठं काम एकच उरलं, पुसदच्या एका सेठचा साड्यांचा रंगीत कॅटलॉग. "शीला, ये काम गया तो अपना शटर डाउन," असं सलीमभाई रोज चहाच्या आधी सांगायचे. चहा मग कडू लागायचा.

*

सेठ खरी साडी घेऊनच यायचे आणि मॉनिटरला चिकटवून धरायचे.

"मॅडम, राणी कलर फिक्का दिसून राह्यला."

मी समजावायला घेतलं, की स्क्रीनचा रंग उजेडाचा, छपाईचा शाईचा, आणि छापायला शाया चारच. तेवढ्यात सलीमभाईंनी गुपचूप मॉनिटरचं बटण फिरवलं.

"आता कसा आला!" सेठ खूश.

छापून आला तो शिजवलेल्या बिटासारखा. सलीमभाई शांतपणे म्हणाले, "सेठ, पास तर तुम्हीच केला होता."

*

पुढच्या खेपेला पांढरी साडी पिवळट आली.

"पांढरी शाई कमी टाकली काय?"

"सेठ, पांढरी शाई नसतेच. तो कागदाचा पांढरा, आणि कागद तुम्हीच आणलेला, स्वस्तातला."

सेठनं त्या पानावर बोट फिरवून पाह्यलं. "म्हंजे माह्या साडीच्या जागी तुमी काहीच छापलं नाही? आन् कागदबी माहाच!"

*

मॉडेल परवडत नव्हती, म्हणून सेठनं सुनेलाच साडी नेसवून उभं केलं. साडी पोपटी. ती पोपटी यावी म्हणून मी अख्ख्या फोटोचाच हिरवा वाढवला. घाई, दुसरं काय!

सेठ म्हणाले, "साडी फर्स्टक्लास. पण सून कायले अशी हिरवी-पिवळी केली?"

"गिऱ्हाईक साडी बघतं, सेठ," सलीमभाई म्हणाले.

कॅटलॉग सुनेच्या माहेरी, मारेगावला पोचला. दुसऱ्याच दिवशी तिचे वडील तुपाचा डबा घेऊन एसटीनं पुसदला हजर. "पोरीले जेवाले देता का नाही?"

*

नेरच्या एका बाईनं तर हद्दच केली. सेठनं खरी राणी कलरची साडी पुढे ठेवली, तर ती कॅटलॉगवर बोट आपटून म्हणे, "मले हा पाहिजे!" बिटासारखा! तसा रंग कोणत्याच दुकानात नव्हता. शेवटी सेठनं कोरी पांढरी साडी आणून ती रंगवून दिली.

त्या दिवशी सेठचा फोन आला. "सलीमभाई, यंदा एकबी बाई कॅटलॉग घेऊन भांडाले आली, तं काम नागपूरले जाईन."

*

सलीमभाईंनी दोन दिवस जुने कॅटलॉग चाळले. मग म्हणाले, "शीला, रंगच काढून टाक. रंग नाही, तर झगडा कायचा?"

अख्खा कॅटलॉग काळ्या शाईत छापला. फोटोखाली फक्त नावं: राणी, डाळिंबी, मोरपंखी. त्या साली कापूस पुन्हा बुडालेला, त्यामुळे स्वस्तात होतं म्हणून सेठ तयार झाले. पण लग्नसराईच्या पहिल्या दिवशी आम्हा दोघांना दुकानात बोलावून घेतलं. "शिव्या डायरेक्ट तुमालेच भेटल्या पाहिजे."

पहिलीच बाई कॅटलॉग काखेत मारून आली. मोरपंखी काढायला लावली. आमच्याकडे बाया दुकानातल्या उजेडावर कधीच भरोसा ठेवत नाहीत. ती साडी आणि कॅटलॉग घेऊन पायरीवर उन्हात गेली. काळ्या फोटोवर साडीचा पदर ठेवला. वाकून पाह्यलं. नणंदेला हाक मारली. तिनंही वाकून पाह्यलं.

सलीमभाईंनी काउंटर घट्ट धरलेला. माझी ही नोकरी गेली तर यवतमाळात दुसरी कुठे होती?

बाई आत आली. कॅटलॉग सेठच्या पुढ्यात टाकला.

"दरसाली फसवत होते तुमी! यंदा रंग तंतोतंत आला!"

सेठनं चष्मा लावला. फोटो पाह्यला, साडी पाह्यली, पुन्हा फोटो पाह्यला.

"पाहा सलीमभाई," ते म्हणाले, "शाई चांगली वापरली का कसं होते!"